दाराबाहेर ठेवलेले पाय

नोकरीतले अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी मागच्या वर्षीही सुचवलं होतं. तेव्हा मी टाळलं. मला वाचण्याची सवय, लिहिण्याची नाही. सुमन, माझी पत्नी, म्हणाली होती, "तुम्ही लिहा तर खरं. कंटाळा कुठे येतो ते मी वाचून सांगेन." गेल्या चैत्रात ती गेली. कंटाळा कुठे येतो हे सांगणारं आता घरात कोणी नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझा धंदा लोकांना समजावून सांगणं नेहमीच अवघड गेलं. मुंबईच्या एका इस्पितळात मी व्यायामोपचाराचं शिक्षण घेतलं आणि आमच्या जिल्ह्यात, तेव्हा त्याचं नाव कुलाबा होतं, एका योजनेत फिरता उपचारक म्हणून लागलो. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके माझ्याकडे. पोलिओ होऊन गेलेली मुलं शोधायची, त्यांचे पाय तपासायचे, आयांना व्यायाम शिकवायचे आणि ज्यांना लागेल त्यांना कॅलिपर मिळवून द्यायचे, हे काम. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही. गावोगाव मला 'पाय वढनारे मास्तर' म्हणत. त्या नावात चूक काही नव्हती.

पोलिओचा ताप चार-आठ दिवसांत जातो. मूल वाचलं म्हणून घरचे देवाला नारळ ठेवतात आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं, की एक पाय पाळण्यात हलत नाही. आमच्या भागात याला 'वारं गेलं' म्हणत. काहींचं म्हणणं, तापात सुई टोचली म्हणून पाय गेला. त्यात थोडं तथ्य असल्याचं आमच्या शिक्षकांनीही सांगितलं होतं, म्हणून मी वाद घालत नसे. ताप काही दिवसांचा, त्याचं देणं मात्र जन्मभराचं. ज्या स्नायूंतली ताकद गेली ती परत येत नाही. पण मूल तर वाढत असतं. ते रांगत, फरफटत वाढलं, की गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो, टाच वर ओढली जाते, आणि मग तो पाय सरळ करायला शस्त्रक्रियेशिवाय मार्ग उरत नाही. आमचं सगळं काम हे आखडणं थांबवण्याचं.

कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना दोन लोखंडी सळ्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्यावर एक गादी आणि बाजूला खटका. उभं राहताना खटका लावायचा, बसताना सोडायचा. खाली सळ्यांची टोकं बुटाच्या टाचेत अडकवलेली; दुसऱ्या पायात, उंची सारखी राहावी म्हणून, त्याच जोडीचा बूट. बूट काढला की सगळंच निघतं. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आम्हाला ती ध्यानात यायला फार वेळ लागला.

योजना चांगल्या माणसांनी आखली होती. पण कोणत्याही योजनेला वर्षाअखेरी काहीतरी मोजून दाखवावं लागतं, आणि कॅलिपर मोजायला सोपे असतात. किती वाटले ते वर कळवायचं. त्यातली किती मुलं चालली, हा रकाना नव्हता.

माणसं मात्र एकेक भेटली. खालापूरच्या बाजूला एक भातशेती करणारे गृहस्थ होते. त्यांच्या मुलाचा कॅलिपर ते दर दसऱ्याला कोयता, कुदळ आणि नांगराच्या फाळाशेजारी मांडून त्याला झेंडूची माळ घालत. "हत्यारच हाय ना मास्तर, पोराचं," म्हणाले. तेलपाणी इतकं चोख, की कॅलिपर दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्रीला त्यात करण्यासारखं काही उरत नसे. कळंबकडच्या एका मुलीने कुबडीचा उपयोग कैऱ्या पाडायला इतका केला, की दरवर्षी वैशाखात ती कुबडी मोडून यायची. आई रागावून म्हणायची, "चालायला दिली का झाडाला दिली?" मी नवीन द्यायचो. कैऱ्या पाडायला तिला उभं राहावं लागत होतं, याहून मला काय हवं होतं?

मला काळजी होती ती न मोडणाऱ्या कॅलिपरांची. मूल वाढलं की कॅलिपर अपुरा पडतो, मग जुना परत घेऊन नवा द्यायचा. परत येणारे कितीतरी जवळजवळ नवे असत. बुटाचा तळ झिजलेला नाही, पट्ट्याला घामाचा डाग नाही. आणि मुलाचा गुडघा आखडत चाललेला. आयांना विचारलं तर त्या सांगत, घालते ना, रोज घालते. खोटं बोलत आहेत असंही वाटत नसे. अहवालात अशा ठिकाणी 'पालक उदासीन' असे दोन शब्द लिहायची पद्धत होती.

कुसुमचं घर कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या एका गावात होतं. बौद्ध कुटुंब. वडील खोपोलीला कारखान्यात, आठवड्याने यायचे. घरात आई सखूबाई आणि आजोबा. आजोबांना सगळे आबा म्हणत. कुसुमचा डावा पाय तान्ही असतानाच गेला होता. मी तिला पाहिलं तेव्हा ती चौथीत होती आणि गुडघ्याला बाक यायला लागला होता. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे वर्ष कॅलिपर नीट वापरला गेला तर पाय सरळ राहील, नाहीतर पुढे मुंबईला शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेचं नाव काढताच सखूबाईचा चेहरा असा झाला, की ते कधी होणार नाही हे मला कळलं. शिवाय पाचवीला कर्जतला जावं लागणार होतं. तिथल्या शाळेने उचलून आणावी लागणारी मुलगी घेणार नाही असं आधीच कळवलं होतं. म्हणजे गुडघाही याच वर्षी आणि शाळाही याच वर्षी.

कुसुमच्या गावातली शाळा माझ्या माहितीची होती, कारण सुमन तिथेच शिक्षिका होती आणि कुसुम तिच्याच वर्गात. घरी जेवताना कुसुमचा विषय रोज निघायचा. सखूबाई तिला कडेवर आणते, वर्गाच्या दाराशी ठेवते आणि मग मुलगी हातांवर सरकत जागेवर जाते, असं सुमन सांगायची. मी विचारायचो, कॅलिपर? ती म्हणायची, "घालून येते की. दाराशी काढते." हे तिने मला कितीदा सांगितलं असेल. मी ऐकत होतो आणि मला कळत नव्हतं. तिलाही कळत नव्हतं.

एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर चढण्याआधी सवयीने चपला काढल्या. आणि चपला काढताकाढता दिसलं, की आबांच्या वहाणा आणि सखूबाईच्या चपला यांच्या रांगेत कुसुमचा कॅलिपर भिंतीला टेकून उभा आहे. नीट, व्यवस्थित. घरातल्या सगळ्यांनी जे करायचं तेच त्या मुलीने केलं होतं. पायातलं बाहेर काढून ती आत गेली होती.

मी तिथेच उभा राहिलो, हातात एक चप्पल. मुंबईच्या इस्पितळात फरशी होती आणि डॉक्टरांपासून रोग्यांपर्यंत सगळे बूट घालून वावरत. कॅलिपर तिथे शिकलो, तिथून आणला आणि गावात वाटला. ज्यांनी योजना आखली तेही आपल्या घरी चपला बाहेरच काढणारे, आणि मीही. आपण रोज जे न विचार करता करतो, ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मुलगी घरात असते तेव्हा अनवाणी, शाळेत असते तेव्हा अनवाणी. कॅलिपर घालायचा तो फक्त बांधावरून जाण्यापुरता, आणि बांधावर चिखलात तो रुततो म्हणून आई कडेवर घेते. सखूबाई खोटं बोलत नव्हती. ती रोज घालत होती.

आत गेलो. कुसुम सारवलेल्या जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. समोर भिंतीला फळी, त्यावर बुद्धाची मूर्ती आणि ताजी फुलं. मी आबांना सांगितलं, की हे घरातही घालायला हवं, दिवसभर.

आबांनी दाराबाहेरच्या कॅलिपरकडे पाहिलं. मग म्हणाले, "बूट घालून? घरात?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत सगळं देऊ शकत नाही. तरुणपणी गावच्या वरच्या आळीतून जाताना त्यांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. त्यांच्या वडिलांनाही. छप्पन सालानंतर त्यांनी वाकून जाणं सोडलं, पुढे हे घर बांधलं आणि फळीवर मूर्ती ठेवली. "तवा लोकांच्या दारापुढं काढत व्हतो," ते म्हणाले. "आता माज्या दारात, माज्या बुद्धासाटी, माज्या मनानं काढतो. यात लई फरक हाय मास्तर. तुमी सांगता ते सोपं नाय."

सोपं नव्हतंच. मी एवढंच म्हणालो, की तिला आत नका घेऊ, पण एकदा उंबऱ्याशी उभी राहू द्या, मला गुडघा बघायचाय. सखूबाईने तिला उचलून बाहेर नेलं, कॅलिपर चढवला, मी पट्टे आवळले आणि खटका लावला. कुसुम चौकट धरून उंबऱ्यात उभी राहिली. मग तिने चौकट सोडली आणि समोर मूर्ती दिसली म्हणून, कोणी न सांगता, हात जोडून त्रिशरण म्हटलं.

आबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी तिला घराच्या दारात उभी कधी पाहिलीच नव्हती. घरात ती नेहमी जमिनीलगत. "फळीयेवडी उंच झाली की गं," ते म्हणाले, आणि सखूबाईने पदर तोंडाला लावला.

मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोपताना काढायचं का? ओलं झालं तर चामडं कुजेल का? सळीच्या टाचेनं सारवण उकरलं जाईल, त्याचं काय? सखूबाई मध्येच म्हणाली, "मी सारवीन परत. सारवायला काय, हात हायत." सगळं विचारून झाल्यावर आबा उठले, रांजणातून तांब्या भरून आणला आणि कुसुमला एकेक पाय उचलायला लावून बुटाच्या तळावर पाणी ओतलं. खांद्यावरच्या टॉवेलनं तळ कोरडे पुसले.

"ती चप्पल नाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तो पाय हाय तिचा. घरात येनाऱ्याला आपन पाय धुवून या म्हनतो. पाय काढून ठेवा, आसं कोन म्हनतं?"

कुसुम उंबरा ओलांडून आत आली. ठक, ठक, फळीपर्यंत.

शाळेचं तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी आबा स्वतः तांब्या घेऊन नातीबरोबर शाळेत गेले. मुख्याध्यापक गुरुजी वाईट मनुष्य नव्हते, नियमाला धरून होते. शाळेत सगळी मुलं चपला बाहेर काढून तरटाच्या पट्ट्यांवर बसत. एकीला बूट घालून आत घेतलं तर उद्या सगळे येतील. शिवाय गावात कोणी काही बोललं तर? कोण बोलेल हे त्यांनी सांगितलं नाही आणि सगळ्यांना कळलं.

"आबा," ते म्हणाले, "शाळा म्हणजे मंदिर आहे."

"म्हनूनच पाय धुवून आनलीय," आबा म्हणाले.

शेवटी गुरुजींनी सरकारी नोकराने म्हणावं तेच म्हटलं, वरून लेखी आणा. मीही सरकारी नोकर. लेखी मागणाऱ्याला दोष देण्याचा मला हक्क नव्हता. मी त्या आठवड्यात जिल्ह्याला टिपण पाठवलं. टिपणं कशी जातात आणि कशी येतात, हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

सुमनने मात्र लेखीची वाट पाहिली नाही आणि नियमही मोडला नाही. नियम वर्गात बूट आणण्याबद्दल होता. तिने वर्गच बाहेर आणला. तरटाच्या पट्ट्या, फळा, खडू, सगळा चौथीचा संसार व्हरांड्यात, आणि कुसुम कॅलिपर घालून सगळ्यांबरोबर. गुरुजींनी विचारलं तर म्हणाली, "आत उजेड कमी पडतो." घरी मला हसून सांगितलं. मी घाबरलो. बदली झाली तर, असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, "अहो, उजेड खरंच कमी आहे."

आमच्याकडचा आषाढ कसा असतो ते कर्जतकरांना ठाऊक आहे. पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. व्हरांडा ओला, पट्ट्या ओल्या, पाटीवरची बेरीज धुऊन जायची. सुमन फळा भिंतीकडे सरकवी आणि शिकवत राही. पाच-सहा दिवस झाले आणि वरच्या आळीतले एक शेतकरी, ज्यांचा नातू त्याच वर्गात होता, घोंगडी पांघरून भाताच्या लावणीतून तसेच शाळेत आले. गुरुजींना वाटलं असणार, हरकत आली.

"गुरुजी, आमचं पोर शिंकून शिंकून बेजार झालंय," ते म्हणाले. "ह्या बाई काय आत जात नाय. मंग त्या पोरीलाच घ्या ना आत."

गुरुजी म्हणाले, ऑर्डर आलेली नाही.

"आर्डर यील तवा यील. पोरं आज भिजतायत."

गुरुजींनी त्यांना पुन्हा विचारलं, गावाची हरकत नाही ना? त्यांनी घोंगडी झटकली आणि म्हणाले, "गाव लावनीला गेलंय. हरकत घ्यायला हाय कोन?" त्या दुपारी चौथीचा वर्ग आत गेला. दाराशी एक बादली आणि फडकं ठेवलं गेलं. पहिल्या दिवशी सुमनने बूट पुसले. नंतर कुसुम स्वतः पुसू लागली, आणि कधी तिचा तोल जाई तेव्हा दाराजवळ बसणारं जे कोणी असेल ते पुसू लागलं. त्यात त्या शेतकऱ्यांचा नातूही होता. हे कोणी ठरवलं नव्हतं, आणि त्यावर कोणी काही बोललंही नाही. या न बोलण्याबद्दल मी त्या गावाचा आजही ऋणी आहे.

जिल्ह्याचं उत्तर गौरी-गणपतीच्या सुमारास आलं. तिथले आरोग्य अधिकारी कोरडे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. मी टिपणात आबांचं वाक्य जमेल तेवढं कार्यालयीन भाषेत घातलं होतं. त्यांनी ते आणखी कोरडं केलं. शाळांना गेलेल्या सूचनेत एवढंच होतं : 'कॅलिपर हे पादत्राण समजू नये.' मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली. इतकं चांगलं वाक्य थोड्या पुस्तकांत सापडलं.

त्यानंतर आमचं काम बदललं. खालापूरच्या शिबिरात आम्ही प्रत्येक आईला पहिला प्रश्न विचारू लागलो, दाराशी काय करता? आमच्या मिस्त्रीने त्याच सळ्यांना बसेल असा लाकडी तळाचा हलका जोड बनवला, घरात वापरायला वेगळा, म्हणजे सारवणही उकरलं जाणार नाही. गावात कॅलिपर देताना घरातल्या मोठ्या माणसाला बोलावून त्याच्या हातून तळ धुऊन घेण्याची पद्धत मी पाडली. आबांची पद्धत ती. 'पालक उदासीन' हे दोन शब्द मी पुन्हा लिहिले नाहीत. ज्यांचे गुडघे तोवर आखडून गेले होते अशी मुलं दोन्ही तालुक्यांत होती. त्यांना सूचनेचा उपयोग झाला नाही. रस्त्यात कधी भेटतात, नमस्कार करतात, आणि मला तो घेताना जड जातं.

कुसुम पुढे कर्जतला शिकली. आता खालापूरला सरकारी कचेरीत कारकून आहे. सुमनच्या आजारात ती रजा काढून येऊन राहिली होती. तेव्हा सुमन तिच्या नोकरीविषयी कमी आणि चौथीच्या वर्गाविषयी जास्त बोलायची. त्या दोघींचं बोलणं ऐकता ऐकता मला त्या वर्षाच्या दिवाळीनंतरची एक संध्याकाळ आठवली. तीच लिहून थांबतो.

त्या दिवशी मी कुसुमला शिबिरात तपासलं होतं. तिला टेबलावर सरळ झोपवलं आणि गुडघ्याखाली हात सरकवून पाहिला. पावसाआधी तिथून माझा पंजा आरपार जात असे. आता बोटंही जाईनात. गुडघा टेबलाला टेकला होता. मी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि शस्त्रक्रियेचा विषय संपला. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाईंना सांगा जावा आदी."

घरी आलो तेव्हा सुमन वह्या तपासत होती. मी सांगितलं. तिने लाल पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे आता तिला सवलत नाही." तिच्या वर्गात पाढा न येणाऱ्याला पाढा येईपर्यंत उभं राहावं लागे, आणि कुसुम तेवढी त्यातून सुटलेली होती. पाय जपायचा म्हणून. त्याचा फायदा घेऊन त्या मुलीने पाढ्यांकडे साफ दुर्लक्ष केलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमन दारातूनच मला हाक मारत आली.

"अहो, कुसुमला आज उभं केलं. एकोणीसचा पाढा. एक ओळ धड आली नाही."

"मग?"

"मग काय? उभी केलेली बाकीची पोरं चुळबुळ करत होती, भिंतीला टेकत होती. ही खटका लावून वर्गाच्या मधोमध ताठ उभी. बस म्हटलं तरी तासभर बसेना."